सोबत: एक

कानवाल्यांना माणसं आवडत नसत. आवडावं असं माणसांनी कधी काही केलंच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शहराच्या पाणीखात्यात ते एकतीस वर्षं गळत्या शोधत होते आणि एवढ्या वर्षांत खोटं बोलणारा पाइप त्यांना एकही भेटला नव्हता. माणसं मात्र रोज भेटत.

त्यांचं काम असं. पहाटे साडेपाचला, रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आत, छातीएवढी उंच लोखंडी काठी घेऊन निघायचं. काठीच्या वरच्या टोकाला एक लाकडी वाटी. खालचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाटीला उजवा कान लावायचा, डोळे मिटायचे आणि श्वास रोखायचा. जमिनीखालून पाणी नुसतं वाहत असेल तर घरघर ऐकू येते. फटीतून निसटत असेल तर सूं असा आवाज येतो, बारीक आणि चिवट. तो जिथे सगळ्यात मोठा, तिथे रस्त्यावर खडूची फुली मारायची. मग मुकादम आपली माणसं घेऊन येणार, खणणार आणि फुलीखाली गळती निघणार. वीतभर इकडे, वीतभर तिकडे, पण निघणार. उजवा कान त्यांनी पाण्यासाठी राखून ठेवला होता. माणसांसाठी डावा. कोणी उजव्या बाजूनं बोलायला लागलं तर ते चिडत, वस्तऱ्यानं कोणी पेन्सिल तासली तर न्हावी चिडेल तसे.

सापडलेली प्रत्येक गळती खात्याच्या जाड वहीत चढवायची. तारीख, ठिकाण, किती खोल, मग 'ऐकणारा' आणि सगळ्यात शेवटी 'सोबत'. 'ऐकणारा'च्या खाली कानवाले आपलं पूर्ण नाव वळणदार अक्षरात लिहीत. 'सोबत'च्या खाली लिहीत: एक. बॅटरी धरायला, झाकणं उचलायला, गाड्या अडवायला एकतीस वर्षांत किती माणसं आली आणि गेली. एक जण तर सहा वर्षं सोबत होता. निवृत्तीच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "साहेब, आज तरी वहीत माझं नाव लिहा."

"नाव ऐकणाऱ्याचं असतं," कानवाले म्हणाले. "बॅटरी खांबालाही बांधता येते."

आणि लिहिलं: सोबत: एक.

घरी परिस्थिती आणखी वाईट होती, कारण तिथे माणसं होती आणि ती नात्याची होती. वडिलांच्या घराच्या मधोमध एका विटेची भिंत घालून दोन घरं केलेली. अलीकडे कानवाले आणि त्यांची बायको. पलीकडे धाकटा भाऊ आणि त्याची बायको. तिला अलीकडे धाकटी म्हणत, तेही तोंड वाकडं करून. सख्खे भाऊ, पक्के वैरी. अकरा वर्षं दोघांमधून विस्तव जात नव्हता.

धाकटा आधी पाणीखात्यातच पंपावर होता. शहरानं समुद्रकाठी खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करायचा कारखाना काढला तेव्हा तो तिकडे गेला. गेला तर गेला, पोटासाठी माणूस कुठेही जातो. पण निरोपाच्या चहाला, सगळ्या खात्यासमोर, तो म्हणाला, "आता दादानं काठी ठेवून द्यावी. जमिनीला कान लावून पाणी मिळायचे दिवस गेले." लोक हसले. कानवाल्यांनी भरला कप तसाच ठेवला आणि घरी निघून आले. पुढच्या रविवारी गवंडी बोलावला आणि ती भिंत उठली.

खोटं कशाला बोला, धाकट्याच्या कारखान्यानं शहराला एकदा वाचवलं होतं. तीन वर्षांपूर्वी तलावाचा तळ दिसायला लागला तेव्हा नळाला जे काही आलं ते समुद्राचंच आलं. कानवाल्यांनीही तेच प्यायलं. दर पेल्याला 'मचूळ' म्हणाले आणि दर पेला रिकामा केला.

भाऊ एकमेकांशी बोलत नसत, पण भांडण थांबलं नव्हतं. ते बायकांच्या मार्फत चाले. संध्याकाळी कानवाले भिंतीकडे तोंड करून बायकोला सांगत, "एक घागर समुद्रातून पिळून काढायला किती वीज लागते, माहीत आहे? अशा शंभर घागरी काढायच्या आणि त्यातल्या एकेचाळीस फुटक्या पाइपांतून मातीला पाजायच्या. चाळणीत दूध राहत नाही म्हणून दुसरी म्हैस विकत घेणारे शहाणे हे."

बायको भाजी निवडत राही. पलीकडून धाकट्याचा आवाज येई, तोही त्याच्या बायकोला उद्देशून, "पाऊस रुसतो. समुद्र रुसत नाही. आडातच नसलं तर पोहऱ्याला ठिगळं लावून काय मिळणार?"

धाकटी शिवणकाम करायची. तिचं मशीन याच भिंतीला लागून होतं आणि दिवसभर त्याची खडखड अलीकडे ऐकू यायची. कानवाल्यांच्या घरात आवाज चढला की मात्र मशीन थांबायचं. मशीन थांबलं की समजावं, भिंतीला कान लागला. बायको खुणेनं सांगायची, "हळू बोला, थांबलंय."

"ऐकू दे," कानवाले म्हणत. "फुकटात ज्ञान मिळतंय तिला."

त्या वर्षी नगरसभेपुढे समुद्राच्या दुसऱ्या कारखान्याचा ठराव आला. पाणीखात्याच्या मुख्य अभियंत्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी सभेत उभं राहून सहा महिने मागून घेतले. टेकडीखालच्या वस्तीला पाणी एकाच मोठ्या पाइपानं जायचं. त्या पाइपाच्या तोंडाशी मीटर होता. मीटरमधून शंभर घागरी आत जात आणि घराघरांच्या मीटरांवर एकोणसाठच दिसत. बाई म्हणाल्या, "एकेचाळिसाची ही गळती पंचविसाच्या खाली आणून दाखवते. आणली तर कारखान्याचा पैसा आधी जुन्या पाइपांना द्या. नाही आणली तर खुशाल कारखाना बांधा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

मग त्यांनी कानवाल्यांना बोलावलं. "माझी मान तुमच्या कानावर ठेवली आहे," म्हणाल्या.

"कान मजबूत आहे," कानवाले म्हणाले.

भिंतीपलीकडेही काही कमी पणाला लागलं नव्हतं. दुसरा कारखाना झाला तर धाकटा तिथला प्रमुख होणार होता आणि त्याला कारखान्याजवळच घर मिळणार होतं: तीन खोल्या, समुद्राकडे खिडक्या, आणि कुठल्याही भिंतीपलीकडे दीर नाही. धाकटीनं त्या खिडक्यांची मापं आणून पडदे शिवूनही ठेवले होते. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, पण भिंत एका विटेची होती.

पाच महिन्यांत कानवाल्यांनी गळती एकोणतिसावर आणली. छप्पन्न गळत्या पकडल्या. त्यातल्या पहिल्या चाळीस भराभर मिळाल्या, पुढच्या सोळा रडतखडत. त्यांनी दोष पाइपांना दिला. शेवटी एक मोठी गळती उरली. मीटर सांगत होता की ती आहे. कुठे आहे ते सांगत नव्हता. महिनाअखेरीला तीन आठवडे राहिले असताना ती त्यांना लाँड्रीच्या कोपऱ्यावर ऐकू आली. स्वच्छ सूं. त्यांनी फुली मारली, मुकादमानं खणलं. कोरडी माती. चार पावलं पुढे तोच आवाज. तिथे खणलं. कोरडी. तिसरा खड्डा लाँड्रीच्या थेट दारात पडला, तोही कोरडा ठणठणीत.

लाँड्रीवाला दारात उभा राहून म्हणाला, "आता आत या साहेब. इस्त्रीच्या टेबलाखाली तेवढं राहिलंय."

"तुझे खड्डे तिरके जातात," कानवाले मुकादमाला म्हणाले.

"खड्डा खालीच जातो," मुकादम म्हणाला. "त्याला दुसरीकडे जाता येत नाही."

"मग कुठेतरी पाणी मुरतंय. माझ्या भावानं किती दिले तुला?"

हे त्यांनी भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत विचारलं. मुकादम वीस वर्षं त्यांच्या फुल्या खणत होता. त्यानं पहार खाली ठेवली आणि म्हणाला, माफी मागा. कानवाल्यांनी काठी उचलली आणि ते निघून गेले. माफी मागायची सवय नव्हती, आणि कारणही नाही असं त्यांना वाटत होतं.

त्याच दुपारी भिंतीतून धाकटीचा आवाज आला. "जाऊबाई, तुमच्या संडासातली टाकी चार महिने गळतेय. रात्रंदिवस आमच्या डोक्यात ठिबकतं. गावभरच्या गळत्या शोधणाऱ्यांना तेवढं सांगा."

"हिला आता संडासातलंही ऐकायला लागतं," कानवाले म्हणाले. पण उठले. संडासात जाऊन उभे राहिले. काही ऐकू येईना. खाली वाकून पाहिलं तर भांड्यात दोऱ्याएवढी पाण्याची धार उतरत होती. दिसत होती, ऐकू येत नव्हती. त्यांनी काठी आणली, टाकीला लावली आणि वाटीवर कान ठेवला. सूं. अगदी लाँड्रीच्या कोपऱ्यावरचा. त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी टाकीची चावी बंद केली. धार थांबली. सूं थांबला नाही.

ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. बाहेर आले तेव्हा बायको दारातच उभी होती, त्यांच्या डाव्या हाताला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कित्येक दिवसांत ती चुकूनही दुसऱ्या बाजूला उभी राहिली नव्हती.

"तुला माहीत होतं?"

"चार महिने झाले. डावीकडून बोलते, तरी दोनदा सांगावं लागतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर म्हणाला असतात, तुला धाकटीनं शिकवलं."

दुसऱ्या दिवशी ते खात्याच्या गोदामात गेले. मागच्या अंगणात नवे पाइप रचून ठेवलेले होते. कशालाही न जोडलेले, दोन्ही तोंडं उघडी, एकात तर चिमणीनं घरटं केलेलं. कानवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. त्यांनी काठी त्या पाइपावर टेकवली आणि कान लावला. त्या कोरड्या, हवेत पडलेल्या पाइपातून पाणी गळत होतं. सूं. त्यांनी कान काढला, परत लावला. गळती त्यांच्या डोक्यात होती. तीन खड्डे त्यांनी स्वतःच्या कानासाठी खणून घेतले होते.

ते पाइपांच्या ढिगावर बसले. घाबरले होते, हे सरळ सांगायला हवं. निवृत्तीला चौदा महिने होते. बाईंना सांगावं तर त्यांची मान गेलीच, आणि एकतीस वर्षांचं आपलं नाव तीन कोरड्या खड्ड्यांत गेलं. दुसऱ्या कोणाचा कान आणावा तर त्यांनी कोणाला शिकवलंच नव्हतं. खात्यानं एकदा ऐकायचं यंत्र आणलं होतं, तेही त्यांनीच 'खेळणं' म्हणून परत पाठवायला लावलं होतं. संध्याकाळी घरी येऊन ते न बोलता बसले. अलीकडे काहीच चालू नव्हतं, त्यामुळे पलीकडची खडखड जोरात होती. बायको म्हणाली, "जेवता ना?" आणि मशीन थांबलं.

नुसत्या 'जेवता ना'ला. कानवाले त्या भिंतीकडे बघत राहिले. शहरातला सगळ्यात तिखट कान त्यांच्यापासून एका विटेवर होता, आणि तो त्यांना पाण्यात पाहत होता.

ते उठून भिंतीजवळ गेले आणि बायकोला, म्हणजे भिंतीला, म्हणाले, "गळती लाँड्रीजवळच आहे, आणि मी ती काढणार. म्हणे आम्हाला टाकी ऐकू येते! संडासाला कान लावणं वेगळं, रस्त्याला लावणं वेगळं. हिंमत असेल तर परवा पहाटे यावं आणि मोठ्या बाईंसमोर काठी लावून सांगावं, इथे काही नाही म्हणून."

मग भिंतीतून, अकरा वर्षांत पहिल्यांदा थेट त्यांना, एक शब्द आला.

"येते."

कानवाल्यांचा हिशेब साधा होता. तिला आवाज ऐकू येईल, आणि ऐकू आला की ती मिरवल्याशिवाय राहणार नाही. असली माणसं गप्प बसू शकत नाहीत. काठी पुढे करायची, तिनं बोट दाखवायचं आणि फुली आपण मारायची.

ठरलेल्या पहाटे लाँड्रीच्या कोपऱ्यावर मोठ्या बाई, त्यांच्याच हुकमावरून आलेला मुकादम आणि त्याची माणसं उभी होती. धाकटी आली ती कामाच्याच कपड्यांत, गळ्यात मापाची टेप. बाईंनी विचारलं, "या कोण?"

"माझ्या भावाची बायको."

"कारखान्यातला भाऊ?"

"तोच. वैऱ्याच्या कानानं हो म्हटलं की मग कोणी शंका काढायची नाही."

बाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मुकादम बोलला. "आणि वैऱ्यानं नाही म्हटलं तर?"

कानवाल्यांनी रस्त्याकडेच्या, आगीच्या बंबासाठी ठेवलेल्या नळाची चावी केसभर सैल केली आणि काठी तिच्याकडे दिली. "हा गळतीचा आवाज. नीट ऐकून ठेव."

तिनं कान लावला. "कळलं. दातांतून शीळ निसटल्यासारखा." नळ बंद करायच्या आधीच तिनं काठी उचलली होती. काठी धरायला तिला शिकवावं लागलं नाही, हे कानवाल्यांना आवडलं नाही.

लाँड्रीच्या कोपऱ्यावर तिनं काठी टेकवली. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं ती टेपचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. ती शिवणारीची सवय, हात रिकामा राहत नाही. "नाही," ती म्हणाली. तीन कोरड्या खड्ड्यांकडे एकेकदा पाहून परत म्हणाली, "काही नाही." मुकादम हसला. पुढचा व्हॉल्व्ह: नाही. औषधाच्या दुकानासमोर: नाही. बँकेपाशी, चौकात, पिठाच्या गिरणीजवळ: नाही, नाही, नाही. ती प्रत्येक 'नाही' बाईंकडे बघून, ठसक्यात म्हणत होती. कानवाल्यांना हळूहळू उमगत गेलं. ही ऐकायला आलीच नव्हती. ही 'नाही' म्हणायला आली होती. जिथे गळती असेल तिथेही ती नाहीच म्हणणार होती, आणि तेही बाईंसमोर, त्यांनीच आणून उभी केलेली साक्षीदार म्हणून. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

शाळेच्या मागच्या भिंतीजवळ सातवा व्हॉल्व्ह होता. तिनं काठी टेकवली, कान लावला. बोटावरची टेप अर्ध्या वेढ्यावर थांबली.

"नाही," ती म्हणाली, आणि टेप परत फिरायला लागली.

कानवाले तिच्या बोटाकडे बघत होते. अकरा वर्षं त्यांनी भिंतीपलीकडचं मशीन थांबताना ऐकलं होतं. बाकी काही ऐकू येवो न येवो, ही बाई कान देते तेव्हा तिचा हात थांबतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. शाळेच्या पलीकडच्या टोकाला पुढचा व्हॉल्व्ह होता, तिथे त्यांनी तिला नेलं. टेप तिथेही थांबली, पण जेमतेम. "नाही." तिथून पुढच्याला थांबलीच नाही.

म्हणजे दोन व्हॉल्व्हच्या मध्ये, आणि पहिल्याला जवळ. कानवाले परत आले, सातव्या व्हॉल्व्हपासून आठ पावलं मोजली, खाली बसले आणि खडूनं फुली मारली.

"तिथे मी नाही म्हटलंय," धाकटी म्हणाली.

"ऐकलं," कानवाले म्हणाले, आणि मुकादमाकडे वळले. "खण."

मुकादमानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. कमरेइतकं खणलं तोवर कोरडंच होतं आणि खणणारे एकमेकांकडे बघायला लागले होते. खांद्याइतकं गेल्यावर माती काळी झाली, मग चिखल, मग पहारीचा एक घाव बसला आणि खालून पाणी असं उसळलं की खड्ड्यातला माणूस वर चढायच्या आत गुडघाभर भिजला. पाइपाखालूनच पावसाच्या पाण्याचं जुनं गटार जात होतं. पाणी कित्येक वर्षं गुपचूप त्यात उतरत होतं, म्हणून वर कधी ओलही आली नव्हती. बाई खड्ड्याच्या काठावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हीच." एवढंच.

धाकटी कानवाल्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. मुद्दाम डाव्या. "मी नाही म्हटलं तिथेच खणलंत," ती हलक्या आवाजात म्हणाली. "म्हणजे तुम्हाला स्वतःला कुठेच काही ऐकू आलेलं नाही. मला वाटलंच होतं, टाकी गळते तेव्हापासून. उद्या मोठ्या बाईंना सांगते, भाऊजी. आमचं घर गेलं, तुमचं नाव तरी का राहावं?"

आणि टेप गळ्यात टाकून ती निघून गेली.

दुपारी कानवाले कचेरीत वही पुढे घेऊन बसले. तारीख लिहिली, ठिकाण लिहिलं, खोली लिहिली. मग 'ऐकणारा'शी हात थांबला. आपलं नाव लिहावं तर उद्या ती येऊन खोडणार. मग त्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि ते गालात हसले, ते हसू चांगलं नव्हतं. वही मोठ्या बाईंकडे जायची, बाईंकडून तिची नक्कल नगरसभेत जायची आणि तिथून समुद्राच्या कारखान्यातही. म्हणजे भाऊ ती वाचणार. त्यांनी 'ऐकणारा'च्या खाली धाकटीचं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, वळणदार अक्षरात. त्यापुढे कंस करून लिहिलं: माझा उजवा कान निकामी झाला आहे. लाँड्रीजवळचे तीन खड्डे माझ्या चुकीचे. शाळेमागची गळती यांच्या कानानं सापडली.

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करावा तो असा. वाक्य खरं होतं, प्रामाणिक होतं, आणि निव्वळ सूड म्हणून लिहिलेलं होतं.

महिनाअखेरीला मीटरनं बावीस दाखवले. सभेनं दुसरा कारखाना चार वर्षं पुढे ढकलला. चार वर्षांनी बघू म्हणाले. तलाव आटला तर त्याआधीच बघू, असंही म्हणाले. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे धाकट्याचा आवाज कधी नव्हे तो चढला. मशीन चालू नव्हतं. कानवाले उठून भिंतीला कान लावून उभे राहिले, आधी उजवा, मग डावा. आवाज कळत होता, शब्द लागत नव्हते.

"काय म्हणतोय तो तिला?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला ऐकू येतंय," बायको म्हणाली. "पण मी नाही सांगणार."

सकाळी पलीकडच्या खिडकीला नवे पडदे लागले होते. समुद्राच्या खिडक्यांच्या मापाचे, त्यामुळे या खिडकीला ते जमिनीपर्यंत लोळत होते. खिडकी कानवाल्यांच्या अंगणावर उघडायची. ती त्या दिवसापासून उघडली नाही.

आठवड्यानं मोठ्या बाईंनी त्यांना बोलावलं. वही समोर उघडी होती.

"निकामी कानानं माझा रस्ता तीनदा खणलात," बाई म्हणाल्या. "मुकादमाची माफी मागा. खड्डे बुजवताना तिथे उभे राहा, तिन्ही. आणि उरलेले तेरा महिने यांना शिकवा."

"कोणाला?"

"जिचं नाव तुम्हीच लिहिलंत तिला. अजून पाच वस्त्या बाकी आहेत."

"ती यायची नाही. तिला माझं तोंड बघायचं नाही."

"त्या बाहेर बसल्या आहेत," बाई म्हणाल्या. "तोंड बघायचं नाही, हे त्यांनीही सांगितलं. पगार किती तेही विचारलं."

मुकादमाची माफी त्यांनी मागितली. "ऐकू नाही आलं," मुकादम म्हणाला, आणि त्यांना ती परत मागावी लागली.

पहिल्या दिवशी पहाटे दोघं निघाली. काठी तिच्या हातात, बॅटरी त्यांच्या. चौदा व्हॉल्व्ह झाले, दोघं एकमेकांशी चौदा शब्द बोलली, सगळे 'नाही'. पंधराव्याला टेप थांबली. "वाजतंय," ती म्हणाली. खडू तिच्याकडे होता, फुली तिनंच मारली. मुकादमानं खणलं. पाणी वीतभर डावीकडे निघालं.

"वीतभर चुकलं," कानवाले म्हणाले.

"तीन खड्डे नाही चुकले," ती म्हणाली.

कचेरीत तिनं वही पुढे ओढली. तारीख, ठिकाण, खोली. 'ऐकणारा'च्या खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, शिवणीचे टाके घालावेत तसं. मग ती थांबली. मागची पानं उलटायला लागली. एक वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं मागे गेली. प्रत्येक पानावर तेच वळणदार नाव आणि शेवटच्या रकान्यात तोच एक शब्द. कानवाले टेबलापाशी उभे होते. बॅटरी अजून हातातच होती.

"माझं नाव लिहिताना," ते घसा साफ करून म्हणाले, "आडनाव आधी लिहितात आमच्या खात्यात."

तिनं आजचं पान परत काढलं आणि 'सोबत'च्या खाली लिहिलं: एक.

मग वही मिटली आणि कपाटात ठेवायला त्यांच्याच हातात दिली.